उपवासकाळात काढायचे दात

रोझलीन चुलीपाशी उभ्या उभ्याच जेवत होती. एका कडेवर दहा महिन्यांचा एडवर्ड, दुसऱ्या हातात सुक्या बोंबलाची चटणी भरून गुंडाळलेली तांदळाची भाकरी. घास दातांनी तोडला आणि तिची नजर उरलेल्या भाकरीवर गेली. पांढऱ्या भाकरीच्या कडेला लालसर डाग उमटला होता. तिने ती कड तशीच तोंडात टाकली आणि गिळली. कोणी पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तरी कोणी काही म्हटलं नसतं, कारण या घरात बाईच्या दातांतून रक्त येणं ही बातमी नव्हती.

वाचकहो, तुमच्या मोरीतही चूळ भरताना कधी पाणी गुलाबी झालं असेल. तुम्हीही वरून एक तांब्या पाणी ओतून ते घालवलं असेल आणि पुढच्या कामाला लागला असाल. म्हणून रोझलीनला हसू नका.

पापडीत त्यांचं घर वाडीला लागूनच होतं. नवरा कॉन्रॅड वालीवच्या एका कारखान्यात लेथवर होता. तो सकाळी सायकल काढून गेला की वाडी, विहीर, चूल आणि दोन मुलं सासू-सुनेच्या अंगावर. त्यात हे सुकेळ्यांचे दिवस. पिकलेली राजेळी केळी सोलायची, उन्हात मांडायची, दुपारी परतायची, संध्याकाळी दव पडायच्या आत घरात घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जेवायला उशीर झाला की रोझलीन सोलता सोलता एखादं फुटकं, अर्धवट सुकलेलं केळं तोंडात टाकायची. ते गोड चिकट दातांच्या फटींत तासन्‌तास बसून राहायचं. रात्री बाळ छातीशी धरून ती आडवी व्हायची ती तशीच. तोंड धुवायला उठायचं म्हणजे बाळाच्या तोंडातून स्तन काढायचा, तो रडणार, कॉन्रॅडची झोपमोड होणार. त्यापेक्षा नकोच ते.

ब्रश तिने कधीचाच सोडला होता. एडवर्ड झाला तेव्हा सव्वा महिना तिला दातांना ब्रश लावू दिला नव्हता. बाळंतिणीच्या हिरड्या ओल्या असतात, ब्रश लागला की दात हलतात, हे सासू सालोमीला तिच्या सासूने सांगितलं होतं आणि सालोमीने रोझलीनला सांगितलं. सव्वा महिन्यानंतर ब्रश धरला तर ब्रशचे केस रक्ताने लाल झाले. बघ, मी म्हटलं नव्हतं, असं सालोमी म्हणाली. ब्रश कौलाखालच्या फटीत खोचला गेला तो तिथेच राहिला. मग राखुंडी आली, मीठ आलं, पेरूचा पाला चावणं आलं. राखुंडी बोटाने खसाखसा घासली की डोळ्यांत पाणी यायचं. मग तीही दोन दिवसांआड, चार दिवसांआड झाली.

सालोमी वाईट सासू नव्हती. माशातलं डोकं आपण घेऊन मधला तुकडा सुनेला वाढणारी होती. पण तिचं स्वतःचं तोंड पस्तिशीतच रिकामं झालं होतं, आणि बाईचं असंच व्हायचं असतं अशी तिची ठाम समजूत होती. पोर पोटात आईची हाडं खातं, एका बाळंतपणाला एक दात जातोच, हे ती पावसाळ्यानंतर हिवाळा येतो तितक्या सहज सांगायची. हसताना ती तळहात तोंडावर धरायची. कवळी बसवल्यावरही ती सवय गेली नव्हती. आता रोझलीनही तसाच हात धरू लागली होती.

राखेच्या बुधवारी, ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर कपाळावरची राख न पुसताच सालोमी ओट्यावर बसली. अंगणात रोझलीनची चार वर्षांची मार्था कोंबडीच्या पिलांमागे धावत होती. एक पिल्लू तिच्या झग्यात शिरलं आणि ती खदखदून हसली. हसली ती तोंडावर तळहात धरून. दुधाचे शुभ्र, धडधाकट दात होते पोरीचे. रोझलीनने ते पाहिलं आणि हातातलं केळं सोलायचं राहिलं. आपण पोरीला काय शिकवलं, हे तिला त्या क्षणी कळलं. पण कळून करायचं काय, ते कळलं नाही.

सालोमीनेही पाहिलं असावं. तिने रोझलीनला जवळ बोलावलं आणि मनात घोळत असलेली गोष्ट सांगून टाकली. तोंडाला वास येतो, रक्त येतं, हे असं कुठवर चालायचं? उपवासकाळ लागलाच आहे. मांस-मासळी बंद, जेवण निम्मं, मग दात काढायला याच्याहून चांगले दिवस कोणते? आता काढून टाकले की ईस्टरपर्यंत हिरड्या सुकतात. तिने स्वतः असेच एका उपवासकाळात सगळे काढून घेतले होते. खाण्याचं नुकसान नाही, आणि दुखणं येशूच्या चरणी वाहता येतं.

"सगळे, आई?" रोझलीनने विचारलं.

"एकेक काढत बसलीस तर दर वेळी मरशील. एकदाच काय ते होऊ दे, बाय." मग सालोमी जरा हळू म्हणाली, "आणि दोन-तीन दिवस पडून राहायला मिळतं. मला मिळालं होतं. सासूबाईंनी पेज करून हातात दिली होती. तुलाही मी देईन."

पडून राहायला मिळतं. रोझलीनच्या कानात तेवढंच राहिलं. विहिरीवर जायचं नाही, केळी उचलायची नाहीत, हाक आली तरी उठायचं नाही. कोणीतरी पेजेची वाटी हातात आणून देणार. दातांचा विचार तिने केलाच नाही. तिने मान डोलावली. वय सव्वीस.

संध्याकाळी कॉन्रॅडला सांगितलं तेव्हा त्याने वर्तमानपत्र खाली केलं, तुम्हा बायकांना त्यातलं जास्त कळतं असं म्हणाला आणि वर्तमानपत्र पुन्हा वर केलं.

त्या शनिवारी मुलांना शेजारी बर्थाकडे ठेवून सासू-सून टांग्याने वसई गावात गेल्या. सालोमीचे दात काढणारे म्हातारे डॉक्टर आता दवाखान्यात बसत नव्हते. त्यांच्या खुर्चीशेजारी डॉक्टर सुझान उभी होती. त्यांची पुतणी, पापडीचीच, मुंबईला शिकून आलेली. सालोमीने तिला लहानपणी चर्चच्या पायरीवर शेंबूड ओढताना पाहिलं होतं, त्यामुळे तिला डॉक्टर म्हणणं जरा जडच जात होतं.

"सगळे काढायचेत," सालोमीने भाजीवालीला जुडी सांगावी तसं सांगितलं. "उपवासकाळ आहे. ईस्टरला नवी कवळी."

सुझानने रोझलीनला खुर्चीत बसवलं, दिवा ओढला, छोटा आरसा तोंडात फिरवला. प्रत्येक दात बोटांनी हलवून पाहिला. बराच वेळ. रोझलीनने डोळे मिटून घेतले होते. खुर्ची मागे कललेली होती, आणि इतक्या दिवसांत दिवसाउजेडी पाठ टेकायला मिळाली ती इथेच. तिला चक्क पेंग आली.

"रोझलीन, झोपलीस की काय?" सुझानने हसून तिच्या खांद्यावर थोपटलं. मग ती सालोमीकडे वळली. "मावशी, मी यातला एकही दात काढणार नाही."

"का? तुला जमत नाही?"

"जमतं. पण यातला एकही हलत नाही. हिरड्या सुजल्यात, लाल झाल्यात, बोट लावलं की रक्त येतं. पण दात पक्के आहेत. हे दुखणं अजून वरवरचं आहे. घरच्या घरी बरं होईल."

सालोमीला ते पटेना. घरच्या घरी काय कमी केलं, असं तिने विचारलं आणि राखुंडीपासून पेरूच्या पाल्यापर्यंत सगळं ऐकवलं. ब्रशने रक्त आलं म्हणून ब्रश बंद केला, हेही मोठ्या शहाणपणाने सांगितलं.

"मावशी, तुमच्या पानवेलीच्या मुळाशी पाला कुजला, वेल पिवळी पडली, तर तुम्ही काय करता?"

"पाला उपसतो. माती मोकळी करतो."

"वेल उपटून टाकत नाही?"

"मला काय वेड लागलंय?"

"मग हिरडीचं तेच आहे. खाल्लेलं दातांच्या मुळाशी साचतं, त्याचा थर होतो, त्याने हिरडी सुजते. सुजलेल्या हिरडीला काहीही लागलं तरी रक्त येणार. तुम्ही रक्त पाहून घासणं सोडलंत. घासणं सोडलं म्हणून साचलेलं वाढलं, आणि रक्तही वाढलं."

"वेलीला पोरं होत नाहीत," सालोमी फणकाऱ्याने म्हणाली. "तुला काय कळणार? तुझं अजून लग्न नाही. पोर आईचे दात खातं."

"खात नाही हो. गरोदरपणात हिरड्या जास्त सुजतात, हे खरं. म्हणून तर तेव्हा जास्त जपायचं. तुम्ही नेमकं तेव्हाच बंद करायला लावता." सुझानचा आवाज जरा चढला होता. तिने तो खाली आणला. "ब्रशने दात जात नाहीत, मावशी. बाळंतपणानेही जात नाहीत. बाळंतिणीच्या तोंडाकडे कोणी बघत नाही, त्याने जातात."

भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर होती, तिच्याकडे सालोमी बघत राहिली. मग विचारलं, आवाज ओळखू येऊ नये इतका बारीक.

"मग माझे?"

काकांच्या त्या खुर्चीच्या पाठीवर सुझानचा हात होता.

"तुमचं तोंड मी तेव्हा पाहिलेलं नाही. काही दात गेलेच असते कदाचित. पण सगळे? मला नाही तसं वाटत, मावशी."

बाहेर रस्त्यावर टांगेवाल्याने घोड्याला हाक मारली.

मग सुझानने रोझलीनच्या दातांवर साचलेला कडक थर खरवडून काढला आणि काय करायचं ते सांगितलं. मऊ केसांचा नवा ब्रश. दात आणि हिरडी भेटतात तिथे हळू, लहान लहान गोल फिरवायचा, भांडं घासल्यासारखा नाही. सकाळी एकदा आणि रात्री झोपण्याआधी एकदा. कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या. राखुंडी बंद. सुकेळं खायचं तर जेवणाबरोबर, दिवसभर तोंडात घोळवायचं नाही. पहिले काही दिवस रक्त येईल, त्याला भिऊन थांबायचं नाही. दोन आठवड्यांत कमी झालं नाही, पू दिसला किंवा दात हलू लागला, तर मात्र घरी बसायचं नाही, लगेच इकडे यायचं.

"औषध?" रोझलीनने विचारलं.

"औषध नाही. तुला रात्री थोडा वेळ हवा, तोही रिकाम्या हातांनी. तो कोण देणार, ते घरी ठरवा."

रोझलीनने मान खाली घातली. खरं सांगायचं तर तिला रडू येत होतं. दात वाचले म्हणून नव्हे. पडून राहायचे ते दोन-तीन दिवस हातचे गेले होते आणि त्यांच्या जागी आणखी एक काम आलं होतं. इतकी थकली होती ती!

टांगा निघाला. टांग्याला हिसका बसला की सालोमी कवळी सांभाळायला ओठ घट्ट मिटायची. पापडीचं चर्च दिसू लागलं तेव्हा तिने क्रूसाची खूण केली आणि समोर बघतच बोलली.

"माझे तसे फार दुखत नव्हते गं."

रोझलीनला कळलं नाही.

"दात. फार दुखत नव्हते. कॉन्रॅड अंगावर पिणारा, त्याचा थोरला भाऊ फ्रान्सिस कडेवर, घरात माणसं, मला नुसतं पडायचं होतं. बरी बाई पडून राहिली तर लोक काय म्हणतील? म्हणून मी काढून घेतले. तीन दिवस पडले. चौथ्या दिवशी विहिरीवर गेले." ती थांबली. "ते तीन दिवस अजून आठवतात मला. किती छान होते."

रोझलीनने सासूचा हात धरला. चुलीच्या काजळीने आणि केळीच्या चिकाने काळा पडलेला, तिच्याच हातासारखा हात. आपणही याच तीन दिवसांसाठी मान डोलावली होती, हे तिला सांगावंसं वाटलं. सांगायची गरज पडली नाही. सालोमीने तिच्याकडे वळून पाहिलं आणि तिला ते आधीच समजलेलं दिसलं.

त्या संध्याकाळी जपमाळ झाली, जेवणं झाली. रोझलीन भांडी गोळा करू लागली तशी सालोमीने तिच्या कडेवरचा एडवर्ड उचलला आणि थेट कॉन्रॅडच्या वर्तमानपत्रावर ठेवला.

"हे धर."

"आय, रडेल ना तो."

"तू रडायचास तेव्हा तुझ्या बापाने तुला धरला असता, तर आज मी पेरू चावून खाल्ला असता. धर गुमान."

कॉन्रॅडला त्यातलं अर्धं कळलं, अर्धं कळलं नाही. पण आईचा चेहरा पाहून त्याने पोराला नीट धरलं. एडवर्ड रडला. भरपूर रडला. रोझलीन मोरीत नवा ब्रश हातात घेऊन उभी होती आणि त्या रडण्याने तिचे पाय दाराकडे ओढले जात होते. दारात सालोमी आडवी उभी राहिली.

"घास. मी आहे."

रोझलीनने ब्रश लावला. रक्त आलं. चूळ लाल झाली. दुसऱ्या दिवशीही झाली. तिसऱ्या संध्याकाळी ब्रश तसाच ठेवून ती बाहेर आली. आपल्याच्याने होणार नाही, काढून टाकलेले बरे, असं म्हणाली. त्या दिवशी विहिरीचा पंप बिघडला होता आणि सगळं पाणी हाताने ओढावं लागलं होतं. सालोमीने तिला उपदेश केला नाही. कोमट पाण्यात मीठ ढवळून तांब्या तिच्या हातात दिला, मोरीतला पाट ओढला आणि बसून घास असं सांगितलं. उभंच राहायला हवं असं डॉक्टरणीने कुठे म्हटलंय? भांडी मी बघते.

बसून घासता येतं! इतकी वर्षं उभ्याने जेवणाऱ्या, उभ्याने पदर खोचणाऱ्या रोझलीनला ही गोष्ट सुचलीच नव्हती.

त्यानंतर संध्याकाळचा तो वेळ तिचा झाला. कॉन्रॅड पोराला घेऊन अंगणात फेऱ्या मारायचा. शेजारच्या रुडॉल्फने पहिल्यांदा थट्टा केली, आया झालास का म्हणून विचारलं. मग काही दिवसांनी त्याच्याही कडेवर पोर दिसू लागलं. दात घासून झाल्यावर रोझलीन लगेच उठायची नाही. पाटावर तशीच थोडी बसून राहायची. कोणी हाक मारायचं नाही. हाक मारायला तोंड उघडलंच, तर सालोमी डोळे वटारायची. चूळ आधी गुलाबी झाली, मग फिकट, मग एके दिवशी पाण्यासारखं पाणी.

ईस्टरच्या आधल्या, झावळ्यांच्या रविवारी मिस्साहून परतताना कॉन्रॅडने वाडीतल्या आंब्याची एक कैरी पाडली. सालोमीने ती चिरायला विळी मागवली, पण रोझलीनने कैरी तशीच मिठात बुडवून करकचून चावली. दात आंबले, डोळे मिटले. मग सवयीने तिने चावल्या जागेकडे पाहिलं. पांढराहिरवा गर. त्यावर दातांचे ठसे, एकाशेजारी एक. लाल काही नाही.

"बघू," सालोमी म्हणाली.

तिने कैरी हातात घेतली. तिला ती चावता येणार नव्हती, कवळीने कैरी तुटत नाही. तिने त्या ठशांवरून नुसता अंगठा फिरवला आणि कैरी परत दिली. मग ओट्यावर बसता बसता म्हणाली, "आता आज दुपारी तू पड. सुकेळी मी आणि कॉन्रॅड परततो."

"मला काही झालं नाहीये, आई."

"म्हणूनच पड."

रोझलीन हसली. हात तोंडाकडे जाता जाता थांबला. झावळीचा क्रूस करत बसलेली मार्था आईकडे बघत राहिली आणि कारण न कळताच तीही हसली, दोन्ही हातांत झावळी घट्ट धरून.

वाचकहो, हिरडीतून रक्त येणं हे बाईचं नशीब नव्हे, बाळंतपणाची किंमत नव्हे. वेळीच लक्ष दिलं तर मऊ ब्रश, मीठ-पाणी आणि रोजचा थोडासा वेळ यांनी ते बहुतेक वेळा घरीच बरं होतं. लक्ष दिलं नाही तर मात्र धडधाकट दात जातात, आणि एकदा गेलेले परत येत नाहीत. सोसण्यालाच त्याग म्हणत गप्प बसू नका. ब्रश दुकानात मिळतो. तो धरायला लागणारे मोकळे हात मात्र घरच्यांनीच द्यायचे असतात. आज जेवणं झाली की आपल्या घरातल्या बाईच्या कडेवरचं मूल जरा घ्या. तिला बसू द्या. विसावा मिळावा म्हणून कोणत्याही घरात कोणत्याही बाईला आजारी पडावं लागू नये.